ग्राइंडरचे कार्बन सारखे का जळतात?

आमचं ट्रॉली-नांगर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, शिरोळ तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. दसरा तोंडावर आला की झुंबड उडते. कारखान्याचे बॉयलर पेटायच्या आत प्रत्येकाला आपली ट्रॉली रस्त्यावर हवी असते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या चार इंची ग्राइंडरनं पाच आठवड्यांत कार्बनचे तीन जोड खाल्ले. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला दोन बाजूंनी घासत करंट पोचवणारे छोटे काळे ठोकळे.

लक्षणं अशी. मशीन सुरू केलं की मागच्या जाळीतून पिवळट ठिणग्या दिसायच्या. पंधरा-वीस मिनिटांनी करपल्याचा वास. मग जरा जोर लावला की आचका देऊन बंद, हातात हलवलं की परत सुरू, आणि एक दिवस ठार बंद. नवे कार्बन घातले की आठ-दहा दिवस मशीन सुतासारखं सरळ, मग पुन्हा तीच गत. दुकानदार म्हणाला, "कार्बन आहे दादा, झिजायचाच." खरं आहे. पण खोक्यातून मशीनसोबत आलेला पहिला जोड अख्खा हंगाम टिकला होता. मशीन तेच, लोखंड तेच, चालवणारा पोरगाही तोच. म्हणजे कार्बन कशामुळे तरी जळत होते आणि आम्ही नुसते नवे घालत बसलो होतो.

उघडायच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्याकडं घडली. लाइट गेली तेव्हा ग्राइंडरचा सरकता स्विच पुढं अडकलेलाच राहिला. मशीन बंद पडलंय म्हणून पोरानं ते तसंच बाकावर आडवं ठेवलं आणि चहाला गेला. अर्ध्या तासानं लाइट आली आणि बाकावरचं मशीन जिवंत होऊन उडी मारून खाली पडलं, चकतीचे दोन तुकडे झाले. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम एकच: लाइट गेली की पहिल्यांदा स्विच मागं. आणि मशीनला पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हर लावायचा तर प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवायचा. बोर्डाचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. बोर्डावर चार बटणं असतात आणि दुसऱ्याला वेल्डिंग सुरू करायचं असतं.

आता जुने कार्बन. ते फेकून देऊ नका, सगळी कहाणी त्यांच्यावर लिहिलेली असते. दोन्ही बाजूंचे काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारखे झिजले असतील आणि तोंड गुळगुळीत, चकचकीत असेल तर ती साधी झीज. एकच जास्त झिजला असेल तर त्या बाजूचा होल्डर, म्हणजे कार्बन बसतो ती खाच, किंवा कार्बनला मागून दाबणारी स्प्रिंग बघा. कडा टवके उडाल्यासारख्या तुटल्या असतील तर कार्बन आत उड्या मारतोय. कार्बनला जोडलेली तांब्याची विणलेली वायर काळी-निळी पडली असेल किंवा स्प्रिंग निळी झाली असेल तर स्प्रिंगमधून करंट गेलाय, म्हणजे ती वायर होल्डरच्या पत्तीला नीट टेकत नव्हती. एकदा तापून मऊ पडलेली स्प्रिंग पुन्हा जोर धरत नाही. ज्या मशीनमध्ये स्प्रिंग कार्बनसोबत येते तिथं ती आपोआप बदलली जाते. पण स्प्रिंग होल्डरवरच बसवलेली असते अशा मशीनमध्ये लोक कार्बन बदलत राहतात आणि मेलेली स्प्रिंग आहे तिथंच राहते.

आमच्या तिसऱ्या जोडाचं तोंड काळं, खरबरीत, आणि एका कडेला टवके. दोन खुणा एकाच वेळी. तेव्हाच समजायला हवं होतं की दुखणी दोन आहेत, पण आम्ही एकाच चोराच्या मागं लागलो.

पहिला संशय खुद्द कार्बनवर. हा संशय स्वस्त आहे, म्हणून आधी फेडून घ्यावा. बाजारात "सगळ्याला चालतो" म्हणून मिळणारा कार्बन बहुतेक वेळा कशालाच धड चालत नाही. जुना कार्बन सोबत न्या, जाडी आणि रुंदी व्हर्नियरनं मोजा. होल्डरमध्ये तो स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे, पण डगडगता कामा नये. घट्ट असेल तर झिजल्यावर पुढं सरकत नाही आणि फटीतून ठिणगी पडते. सैल असेल तर फिरण्याच्या दिशेनं कलतो आणि एका कडेवरच चालतो. थोडा घट्ट असेल तर कानशीनं न घासता सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलकेच फिरवा. आणि बदलायचे ते दोन्ही एकदम. पैसे वाचवायला एक नवा आणि एक जुना घालतात, ते नव्याच्याच मुळावर येतं.

काही कार्बन ऑटो-कट असतात. आत स्प्रिंगवर एक छोटी खुंटी असते. कार्बन ठराविक मापापर्यंत झिजला की ती बाहेर येऊन कार्बनला कम्युटेटरपासून, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या नळकांड्यापासून, उचलते आणि मशीन अचानक बंद पडतं. "मोटर जळाली" म्हणून रिवाइंडिंगला धावायच्या आधी हे बघा. साध्या कार्बनवर मर्यादेची रेघ असते, तिच्या खाली जायचं नाही. रेघ नसेल तर पाच-सहा मिलिमीटर उरला की बदला.

आम्ही मापाचा, चांगला कार्बन घातला. बारा दिवस चालला. म्हणजे कार्बन निर्दोष.

मग ठिणगी बघितली. ही तपासणी अंधाऱ्या कोपऱ्यात करायची. चकती काढून ठेवायची, गॉगल घालायचा, मशीन मोकळं चालवायचं आणि मागच्या जाळीतून आत बघायचं. कार्बनच्या टोकाला बारीक निळसर ठिणगी असणं ठीक आहे, या जातीच्या मोटरमध्ये ती असतेच. ठिणगी मोठी, पिवळी, फरफटत जाणारी असेल तर कम्युटेटर खराब किंवा कार्बन उडतोय. आणि ठिणग्यांचं कडंच्या कडं कम्युटेटरभोवती फिरत असेल तर आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, वाइंडिंग आत शॉर्ट झाली असण्याची दाट शक्यता. तसं कडं दिसलं तर मशीन तिथंच बंद करा. प्रत्येक मिनिटाला तांबं वितळत असतं.

आमच्याकडं कडं नव्हतं, फरफट होती. आर्मेचर बाहेर काढलं. कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं ते छोटं नळकांडं. त्याचा रंग चॉकलेटी असेल तर हात लावू नका, तो चांगला थर आहे. आमचा काळा पडला होता आणि नखाला चर लागत होती. शिवाय पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला होता. तांबं झिजतं, अभ्रक तेवढा झिजत नाही, आणि मग त्या बारीक गतिरोधकांवरून कार्बन मिनिटाला हजारो वेळा उडत राहतो. लेथवर आर्मेचर धरून कम्युटेटर अगदी हलका साफ केला, आणि हॅकसॉचं तुटकं पातं घासून पातळ करून अभ्रक तांब्याच्या जरा खाली खरवडला. लेथ नसेल तर बारीक सँड पेपरची पट्टी चालते, चारशे नंबरच्या पुढची. काळा एमरी पेपर मात्र वापरू नका, त्याचे दाणे चरीत अडकतात. शेवटी जुन्या टूथब्रशनं फटी साफ. तेल नाही, ग्रीस नाही.

आर्मेचर बाहेर आहे तोवर मल्टिमीटरही लावून घ्या. शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांवर पिना ठेवत गोल फिरा. आकडा अगदी लहान येतो, साध्या मीटरला तो अचूक कळतही नाही, पण सगळीकडं सारखा यायला हवा. एखादा जोड वेगळा वाटला तर वाइंडिंग तुटली आहे किंवा शॉर्ट. मग प्रत्येक पट्टी आणि शाफ्ट यांत बघा: बीप आला तर ते आर्मेचर भंगारात. हे मशीन आपण हातात धरतो. रिवाइंडिंगवाल्याकडं ग्राउलर नावाचं विद्युतचुंबकाचं साधन असतं. त्यावर आर्मेचर ठेवून हॅकसॉ ब्लेड फिरवलं की शॉर्ट झालेल्या खाचेवर ते थरथरतं. मीटरला न सापडलेला शॉर्ट तिथं सापडतो. चार इंची मशीनचं आर्मेचर रिवाइंड करावं का? माझं मत नाही. चकतीचा शाफ्टच मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे फिरतो, आणि मध्ये गिअर असल्यामुळं आर्मेचर त्याहून कितीतरी जोरात. एवढ्या वेगाला वाइंडिंगचा तोल जरा जरी गेला तरी बेअरिंग गेलंच. नवं आर्मेचर बसवा.

आमचं आर्मेचर धड निघालं. कम्युटेटर साफ करून जोडलं, ठिणगी अर्ध्यावर आली, मी खूश. आणि वीस दिवसांनी पुन्हा करपल्याचा वास.

या वेळी वास आला तेव्हा मी मशीनकडं न बघता वायरीकडं बघितलं. निमित्त म्हणजे पाय त्या वायरीत अडकला. आमचं एक्स्टेन्शन चाळीस मीटरचं, पाऊण स्क्वेअर मिलिमीटरचं. त्यातलं निम्मं गुंडाळी करून खिळ्याला टांगलेलं, आणि मध्ये एका जागी नुसतं पिळून टेप मारलेलं. गुंडाळीला हात लावला तर कोमट. जोडाला लावला तर हात मागं घेतला.

मीटर आणलं. एक्स्टेन्शनच्या शेवटी दोन सॉकेट. एकात ग्राइंडर, दुसऱ्यात व्होल्ट दाखवणारा छोटा प्लग-मीटर. उघड्या पिना धरून चालू लाइनवर मोजत बसू नका, हे प्लग-मीटर स्वस्तात मिळतात. मशीन बंद असताना २०८ व्होल्ट. गावाच्या टोकाची लाइन, संध्याकाळी शेतातल्या मोटरी सुरू, त्यामुळं २३० मिळतील अशी अपेक्षा नव्हतीच. पोराला म्हटलं, कापत राहा. १८६. तेवढ्यात पलीकडं दुसऱ्यानं वेल्डिंगचा रॉड टेकवला आणि आकडा १६८ वर आला. ग्राइंडरचा आवाज बसला आणि पोरानं सवयीनं काय केलं, तर मशीन आणखी दाबलं.

रोग इथं होता. व्होल्टेज कमी झालं की ही मोटर हळू फिरते. हळू फिरली की कापत नाही, म्हणून माणूस दाबतो. दाबलं की करंट वाढतो. आणि थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळं तोही हळूच फिरत असतो. म्हणजे उष्णता जास्त आणि वारा कमी. नुसतं व्होल्टेज पडल्यानं कार्बन जळत नाही. पडलेल्या व्होल्टेजवर पूर्ण काम मागितल्यानं जळतो.

सगळं खापर वायरीवर फोडायच्या आधी हिशोब केला. पाऊण स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटर लांबीला साधारण ०.०२५ ओहम. चाळीस मीटर जायचे, चाळीस यायचे, म्हणजे दोन ओहम. दाबून चालवताना पाच-सहा अँपिअर धरले तर दहा-बारा व्होल्ट वायरीत जातात. २०८ वरून १८६ ला येताना पडलेल्या बावीसमधले उरलेले दहा त्या पिळलेल्या जोडात आणि भिंतीवरच्या ढिल्या सॉकेटमध्ये. प्लग खेचला तर सॉकेटची आतली पितळी पत्ती तापून काळी झालेली. आणि वेल्डिंग? सिंगल फेजचा इन्व्हर्टर सेट १२० अँपिअरवर चालवला की लाइनवरून वीस अँपिअरच्या पुढं ओढतो. तो आणि ग्राइंडर आम्ही एकाच सॉकेट लाइनवर चालवत होतो, कारण बोर्ड जवळ होता.

उपाय साधे निघाले. अडीच स्क्वेअरची वायर, पंधरा मीटर, मध्ये जोड नाही. चालवताना पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळलेली वायर स्वतःलाच तापवते. वायर घेताना टोक तासून बघा: बाहेरून तांबडी आणि आतून पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली अॅल्युमिनियम, दुकानातच ठेवून या. वेल्डिंग सेटला विजेच्या मीटरपासून वेगळी लाइन ओढून घेतली. आणि प्लग-मीटर कायमचा लावून ठेवलाय. कापताना १९० च्या खाली गेला की कापणं थांबवून दुसरं काम करायचं. पोरांना हे सुरुवातीला पटलं नाही, "मालक, गिऱ्हाईक उभं आहे." मी जळके सहा कार्बन तारेत ओवून मीटरच्या शेजारी टांगले. मग पटलं.

याच सुमाराला दुसरं एक दुखणं बंद केलं. घाईत आमचा गार्ड निघालेला होता, आणि गार्ड नाही म्हणून कुणीतरी चार इंची मशीनवर पाच इंची चकती चढवायला लागलं होतं. पाच इंचीचं भोक बावीस मिलिमीटरचं, आपल्या मशीनला सोळाचं लागतं, म्हणून मध्ये वॉशर ठोकलेला. मोठी चकती म्हणजे मोटरवर जास्त भार, आणि कार्बन त्यानंही खाल्ले असणार. पण इथं कार्बन ही किरकोळ गोष्ट आहे. आमच्याकडच्या चकत्यांवर कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या मर्यादेत छापलेला असतो, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. शंभर मिलिमीटरच्या चकतीला त्यानुसार १५,३०० च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) चालतो; १८० मिलिमीटरच्या, म्हणजे सात इंचीला, फक्त ८,५०० च्या जवळ. झिजून लहान झालेली सात इंची चकती फुकट जाऊ नये म्हणून चार इंचीवर लावणारे मी बघितलेत. अकरा हजारांवर ती फुटली तर तुकडा तोंडाच्या दिशेनंच येतो, कारण गार्ड आधीच काढलेला असतो. चकतीवर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा, भोक जुळलं पाहिजे, गार्ड आपल्या बाजूला. भोकाच्या पत्र्याच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्षही असतं; पावसाळाभर दमट कोपऱ्यात पडलेली, मुदत उलटलेली चकती मी मोडून टाकतो, नाहीतर कुणीतरी लावतोच. नवी चकती लावली की तोंड बाजूला करून एक मिनिट मोकळी चालवायची. आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावायचं नाही. त्याला मी उपाय सांगत बसणार नाही.

वायर बदलल्यावर करपल्याचा वास गेला, पण दीड महिन्यानं कार्बन काढून बघितले तर तोंड स्वच्छ, आणि कडेला टवके मात्र तसेच. दुसरा चोर अजून घरातच होता. आर्मेचरचं कम्युटेटरकडचं टोक बोटांत धरून आडवं हलवलं. किंचित टकटक. त्या बाजूचं बेअरिंग आमच्या मशीनला ६०७ नंबरचं, सात मिलिमीटर भोकाचं, भोकात करंगळीही जाणार नाही एवढंसं. फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं करकरलं. वाळू कसली, आमच्याच लोखंडाची धूळ. बेअरिंग हललं की कम्युटेटर हलतो, कार्बन आपटतो, कड तुटते. बदलताना पुलरनं काढलं. हातोड्यानं ठोकलं असतं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं झालं असतं. ते ज्या प्लॅस्टिकच्या घरात बसतं ते घरही बघा. घर ढिलं झालं असेल तर नवं बेअरिंगही त्यात फिरत राहतं, मग मागचं कव्हरच बदलावं लागतं.

धूळ आत कशी जाते, हे बघितल्यावर स्वतःवरच हसू आलं. कापून झालं की पोरं मशीन बंद करतात आणि लगेच जमिनीवर ठेवतात. चकती अजून फिरत असते, म्हणजे आतला पंखाही, आणि तो जमिनीवरचा लोखंडाचा चुरा ओढून घेतो. आता बाकाला एक आकडा केलाय. चकती थांबली की त्यावर टांगायचं. शनिवारी चकती काढून, गॉगल घालून, कॉम्प्रेसरची हवा मागच्या जाळीतून द्यायची, मशीन मोकळं चालू ठेवून. हवा कोरडी आहे ना ते आधी बघा. आमच्या टाकीचं पाणी काढायचं राहिलं तर तोटीतून फवाराच येतो.

ही धूळ नुसती बेअरिंग खात नाही. आपल्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, म्हणून प्लगला दोनच पिना आणि अर्थिंग नाही. आत लोखंडाच्या धुळीचा थर जमला की तो वीज वाहून नेतो आणि त्या दुहेरी इन्सुलेशनला अर्थ उरत नाही. गिअरच्या डोक्याला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर त्या दिवशी मशीन चालवू नका. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. आमच्याकडं पावसात शेडची जमीन ओली असते, तेव्हा मी आरसीसीबी नसलेल्या बोर्डावर ग्राइंडर लावू देत नाही. त्यावरून एकदा भांडणही झालंय.

गिअरच्या डोक्यातलं ग्रीस काळं झालं असेल तर पुसून नवं भरा, पण ठासून नाही. जास्तीचं ग्रीस गरम होऊन सीलमधून आर्मेचरकडं उतरतं. स्विचमध्येही धूळ जाते. तो अडखळायला लागला तर नवाच घ्या, साफ करत बसण्याएवढा तो महाग नाही.

नवा जोड घातल्यावर आम्ही पाच-दहा मिनिटं मशीन मोकळं चालवतो, कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसू देतो, आणि मगच कामाला लावतो. तारीख मार्करनं गिअरच्या डोक्यावर लिहितो. वायर, वेगळी लाइन, बेअरिंग असं सगळं झाल्यावर घातलेला जोड १३ मिलिमीटरचा होता. अडीच महिने कापून परवा काढून मोजला: एक १०.५, दुसरा १०. कडा शाबूत.